नानाकाकांचं एकोणीस

इंजिनाचा पहिलाच बोल्ट सुटेना. १३ चा पाना लावला, बसेना. १४ चा लावला, बसला आणि घसरला. त्या घसरण्यात माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं रेडिएटरच्या ब्रॅकेटवर राहिली. बायको पोर्चमध्ये चहा घेऊन आली होती. तिनं बोटांकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, आणि चहा कट्ट्यावर ठेवून काही न बोलता आत गेली.

गाडी १९५१ सालची ब्रिटिश एमजी टीडी. दोन दारं, दोन माणसं, दारांशी हात बाहेर ठेवायला खोलगट कापलेली बाजू, मागे उभं स्पेअर चाक. माझे धाकटे काका, आमचे नानाकाका, यांनी ती साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत एका पारशी गृहस्थाकडून घेतली आणि चालवत बडोद्याला आणली. नाना कलाभवनात शिकलेले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या चौकात १९७४ मध्ये त्यांनी हेच इंजिन स्वतः खोललं होतं. मी तेव्हा सहा वर्षांचा. डिझेलच्या घमेल्यात पडलेले वॉल्व्ह धुवायचं काम माझ्याकडे होतं. नाना गेल्यावर गाडी वीसेक वर्षं ताडपत्रीखाली होती. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, ते पाहून घरी आलो आणि त्याच संध्याकाळी ताडपत्री काढली. उंदरांनी सीटमध्ये संसार थाटला होता. इंजिन मात्र हँडलनं फिरत होतं.

तर तो बोल्ट. या इंजिनाला एक्सपीएजी म्हणतात: १२५० सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्बोरेटर, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५४ अश्वशक्ती. मूळ मॉरिस टेन या साध्या घरगुती गाडीच्या इंजिनाचा वंश. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीनं कॉव्हेंट्रीत कारखाना टाकला, १९२३ मध्ये तो मॉरिसनं घेतला. मशिनं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लिश मिस्त्रीच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या मापाचं. अंग एका देशाचं, डोकं दुसऱ्याचं. मला लागत होता तो पाव इंची व्हिटवर्थ पाना. तो नानांच्याच पेटीत होता, तेलकट सुती पिशवीत गुंडाळलेला. मी ती पिशवी आधी उघडली असती तर बोटं वाचली असती.

आट्यांची आणखी एक गंमत. ८ मिलीच्या बोल्टला बाजारात सव्वा मिलीचं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिळतं. याला एक मिलीचं लागतं. मधल्या काळात कुणीतरी टायमिंग कव्हरला बाजारातले बोल्ट दामटून बसवले होते. दोन भोकांचे आटे पार गेले होते. नानांनी हे केलं असेल असं मला वाटत नाही, पण त्या दिवशी मनातल्या मनात शिव्या त्यांनाच घातल्या. दिसायला समोर तेवढेच होते. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लेथवाल्यानं मला चोवीस बोल्ट करून दिले, बरोबर पिचचे आणि बरोबर डोक्याचे. चोवीस पुरतील असं वाटलं होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो हसला.

चेनपुली पोर्चच्या बीमला बांधून इंजिन उतरवलं ते दिवाळीनंतर. त्याआधी मी एक शहाणपणाचं काम केलं, आणि पुढं त्यानंच वाचवलं: प्रत्येक गोष्ट सुटण्याआधी आणि सुटल्यावर मोबाइलवर फोटो. वायर कुठून जाते, वॉशर कोणत्या बाजूला, पॅकिंगखाली काय. चारशेच्या वर फोटो झाले. सगळे नीट पाहिले असं म्हणवत नाही.

आत नाना भेटत गेले. संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, एका बाजूचं पॅकिंग जाड पुठ्ठ्याचं होतं, कात्रीनं कापून शेलॅक लावलेलं, आणि त्यावर उलटं छापलेलं 'एकादशी' अजून वाचता येत होतं. कुठल्यातरी कॅलेंडरचा पाठपुठ्ठा. पन्नास वर्षांत तिथून तेल गळलं नव्हतं. त्यांची वहीही सापडली. त्यात चारही पिस्टनची वजनं तोळ्या-माशांत होती. एकाचं २३ तोळे ४ मासे, दुसऱ्याचं २३ तोळे ४ मासे २ गुंजा. म्हणजे नाना पिस्टन घेऊन सराफाकडे गेले होते! साधारण २७२ ग्रॅमच्या आसपास होतं ते. दोन गुंजा म्हणजे पाव ग्रॅम. पन्नास वर्षांपूर्वी कुणी पिस्टनला पाव ग्रॅमपर्यंत जोखत असेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. मी ऑनलाइन सातशे रुपयांचा डिजिटल काटा मागवला आणि मान खाली घालून कामाला लागलो.

बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मोजायला मशीन शॉपवर गेलो. मूळ बोअर ६६.५ मिली. नानांनी चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून घेतला होता, म्हणजे साधारण एक मिली. आता वरच्या टोकाला आणखी सहा-सात थाऊ झीज आणि लंबगोल. मशीनवाल्या काकांनी डायल गेज खाली-वर फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "साहेब, आमां हवे एक ज बोर बाकी छे." एकच वाढ शिल्लक, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे भोकात नवी नळी ठोकायची. साठ थाऊ वर ठरलं. ६८ मिलीच्या किंचित वर. सीसीचा हिशेब केला तर १२५० चं इंजिन १३०८ चं झालं. फुकटात अठ्ठावन्न सीसी. फुकटात म्हणजे, विलायतेहून आलेल्या पिस्टनच्या किमतीइतकीच जवळजवळ ड्यूटी आणि कुरियर भरून.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की मला नक्की काय करायचं होतं. गाडी विंटेज म्हणून नोंदवायची होती. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, पण गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. त्यामुळे पाच गिअरचा बॉक्स, नवं कार्बोरेटर असलं काही नको होतं. दुसरीकडे, मला ती पळायलाही हवी होती. एमजीच्या कारखान्यानंच त्या काळात ट्यूनिंगच्या पायऱ्या सांगितल्या होत्या, आणि पहिली पायरी अशी की बाहेरून काही कळत नाही: हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, घासून कॉम्प्रेशन वाढवा, पोर्ट, म्हणजे त्यातल्या हवेच्या वाटा, साफ करा, सगळं सारखं करा. मी तेवढंच केलं. फ्लायव्हील हलकं करायचा सल्ला दोघांनी दिला, तो ऐकला नाही. रावपुऱ्याच्या गर्दीत पहिल्या गिअरवर रांगताना जड फ्लायव्हीलच कामाला येतं.

हेडची जाडी मुळात ७६.७५ मिली. आमचं ७६.२० भरलं. म्हणजे नानांनी अर्धा मिली आधीच घासून घेतला होता. वाढलेल्या बोअरनं कॉम्प्रेशन आपोआप थोडं वाढतंच, त्यामुळे आता किती घासायचं हे अंदाजानं ठरवून चालणार नव्हतं. चेंबर, म्हणजे हेडमधले पेट्रोल पेटायचे खोलगे, मोजायला मी हेड उलटं टेबलावर ठेवलं, स्पिरिट लेव्हल लावून चारी बाजूंनी सरळ केलं, वॉल्व्ह आणि प्लग बसवले, चेंबरच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवून त्यावर अॅक्रिलिकचा तुकडा दाबला. तुकड्याला एक लहान भोक. त्यातून ५० सीसीच्या सिरिंजनं थोडं रंग मिसळलेलं रॉकेल सोडायचं, आणि शेवटचा हवेचा बुडबुडा भोकाशी आला की थांबायचं. तो शेवटचा बुडबुडा आयुष्य काढतो. हेड एका बाजूनं केसभर उचला, तो सरकतो. खाली ठेवा, परत जातो. प्रत्येक चेंबर तीनदा मोजला. ४३.१, ४४.२, ४३.०, ४३.९. सव्वा सीसीचा फरक, एकाच हेडमध्ये. हेडचा तळ पाऊण मिलीच्या आत घासून घेतला, सगळ्यात मोठा चेंबर ४१.६ वर आला, आणि बाकीचे तीन मी डाय ग्राइंडरनं थोडे थोडे खात ४१.६ पर्यंत वाढवले. पॅकिंगची जागा धरून कॉम्प्रेशन ८.१ झालं. कारखान्याचं सव्वासात होतं, तेही युद्धानंतरच्या हलक्या पेट्रोलसाठी. आजच्या पंपावरच्या पेट्रोलला ८.१ म्हणजे काहीच नाही.

पेट्रोलचा प्रश्न वेगळा. शिसं २००० साली देशभरातून गेलं, आणि त्या शिशावर जुने एग्झॉस्ट वॉल्व्ह सीट, म्हणजे वॉल्व्ह टेकतात त्या कडा, जगत होते. म्हणून एग्झॉस्टला कडक सीट बसवून घेतले. आता वीस टक्के इथेनॉल आलंय, त्याला जुनी रबरं आणि बुचाचे सील सोसत नाहीत. कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या सगळ्या नळ्या त्यासाठी बदलल्या. पोर्टचं म्हणाल तर आतून आरसा करायची हौस बहुतेकांना असते. इनटेकला ते करू नये असं माझं मत. जरा खरबरीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब बसून राहत नाहीत. खरी अडचण सीटच्या खाली होती, जिथे कास्टिंगचा ओठ पोर्टमध्ये घुसला होता, आणि मॅनिफोल्डच्या तोंडाशी, जिथे दोन भोकं एकमेकांशी दोन मिलीनं जुळत नव्हती. तेवढं घासायला चार रविवार गेले. चौथ्या रविवारी नाकातून लोखंड शिंकरत होतो.

क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तीनच मेन बेअरिंग असतात आणि या इंजिनाच्या क्रँकला चिरा जातात, म्हणून आधी मॅग्नेटिक तपासणी केली. हिरवट प्रकाशात क्रँक फिरत होता तेव्हा मी श्वास धरून उभा होतो. चीर नव्हती. जर्नलना, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांना, पॉलिश पुरलं.

आता माझी स्वतःची चूक. या इंजिनात पिस्टन पिन कनेक्टिंग रॉडच्या लहान डोळ्यात एका बोल्टनं आवळून धरलेली असते. तो बोल्ट आवळताना रॉड वाइसमध्ये धरायचा नसतो. पिनच्या दोन्ही टोकांना आधार देऊन पिन धरायची, म्हणजे पिळ रॉडवर येत नाही. हे मी वाचलं होतं. वाचलेलं आणि रात्री अकरा वाजता हातून होणारं यात फरक असतो. तिसरा रॉड मी वाइसमध्ये धरला, पाना मारला, आणि समाधानानं झोपलो. सकाळी चारही पिस्टन ब्लॉकमध्ये उतरवून फिरवताना तिसरा पिस्टन एका बाजूला झुकल्यासारखा वाटला. वरून फीलर, म्हणजे अंतर मोजायची पातळ पात, घातला: एका बाजूला चार थाऊ, दुसऱ्या बाजूला एकही नाही. रॉड पिळला होता. मशीनवाल्या काकांनी तो जिगवर सरळ केला. पैसे विचारले तर म्हणाले, "आनो चार्ज नथी. पण हवे रात्रे काम ना करता." रात्री काम नको, एवढीच फी.

हेड बसलं, टायमिंग चेन बसली, आणि इंजिन पुन्हा गाडीत गेलं. सुरू करायच्या आधी तेलाचा पंप भरावा लागतो. पंप वर बाजूला बसवलेला असतो. कोरडा असला तर तेल ओढतच नाही. त्याचा बोल्ट काढून तेल भरलं, प्लग काढले, आणि हँडल मारत राहिलो. तेलाचा काटा शून्यावर. पन्नास फेरे, शंभर फेरे. मुलगा म्हणाला, "बाबा, मी मारू?" त्यानं तीस मारले आणि काटा थरथरला, मग एकदम चाळीसला गेला. कसं का होईना, तेल चढलं. प्लग बसवले, किल्ली फिरवली, पेट्रोल पंपाची टिकटिक झाली आणि भरल्यावर थांबली, स्टार्टर ओढला. चौथ्या हिसक्याला इंजिन पेटलं. कॅम, म्हणजे वॉल्व्ह उचलणारा दांडा, घिसायला नको म्हणून वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर धरून ठेवलं. शेजारच्या वाड्यातली माणसं गॅलरीत आली.

इथपर्यंत सगळं बरं होतं. बिघडलं ते फेरे खाली आल्यावर. रिकामं चालताना इंजिन लंगडत होतं. आठशेवर धडधड, मध्येच श्वास घेतल्यासारखं, व्हॅक्यूम गेजचा काटा खाली आणि थरथरता. पळायला लागलं की ठीक. मी कार्बोरेटरवर संशय घेतला. कुणीही घेईल. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडून सूंऽऽ सारखं ऐकू यायला हवं. आलं. सुया बदलल्या, जेट खाली-वर केले, मॅनिफोल्डवर पेट्रोल मारून हवा कुठून ओढतंय ते पाहिलं. कॉम्प्रेशन मोजलं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, सगळं. तीन आठवडे रोज संध्याकाळी हाच उद्योग. एका जाणत्या मित्रानं सांगितलं, जुनी गाडी आहे, लंगडणारच. मला ते पटलं नाही. नानांची गाडी लंगडत नव्हती. सिग्नलला उभी असायची तेव्हा बॉनेटवर ठेवलेलं नाणं हलत नसे, असं ते सांगत. त्यातलं थोडं काकांचं तिखट-मीठ धरलं तरी लंगडणारं इंजिन ते नव्हतं.

एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवरचे ते चारशे फोटो सुरुवातीपासून पाहायला लागलो. रॉकर कव्हर, म्हणजे वॉल्व्हवरचं झाकण, नुकतं काढलेलं, उलटं ठेवलेलं. आतल्या काळ्या तेलकट पत्र्यावर लाल इनॅमलनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं: १९.

ते कव्हर मी वाळू मारून साफ करून घेतलं होतं, आतून बाहेरून रंगवलं होतं. बाहेर पितळी पट्टी होती, तिच्यावर टॅपेटचं अंतर, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट, बारा थाऊ. मी बारा लावले होते. पट्टीवर लिहिलंय म्हटल्यावर कोण शंका घेतो. पण टीडीचा कॅम मध्ये बदलला होता. आधीच्या कॅमला एकोणीस थाऊ, नंतरच्याला बारा. आमचं इंजिन आधीचं. कव्हर मात्र नानांनी कुठल्याशा नंतरच्या इंजिनाचं बसवलेलं, बहुधा जुनं फुटलं म्हणून. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच आत लिहून ठेवलं. जुन्या कॅमचा चढ लांब आणि मंद. अंतर बाराचं ठेवलं की वॉल्व्ह त्या चढावरच लवकर उचलला जातो आणि उशिरा बसतो. हळू चालताना इंजिनाचा श्वास तिथेच फुटतो.

रात्री काम करायचं नाही असं ठरलं होतं. सकाळपर्यंत थांबलो. इंजिन गरम केलं, कारण हे अंतर गरम असतानाच लावायचं, आणि एकेक करत आठही वॉल्व्ह एकोणीसवर. बोटं भाजत होती. फीलरची पात सरकताना जरा ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. ती ओढ एकदा हाताला कळली की आकडा बघायची गरज उरत नाही. कव्हर ठेवलं, स्टार्टर ओढला. व्हॅक्यूमचा काटा वर चढला आणि तिथे बसून राहिला. आवाज मात्र वाढला: शिवणयंत्रासारखी टकटक, सारखी, न चुकता. याच टकटकीला मी घाबरून बारावर खूश होतो.

आई आतल्या खोलीत वाती वळत होती. ऐंशीच्या वर वय, कानाला कमी येतं. तिथूनच तिनं विचारलं, "कोण आलंय रे?"

"कुणी नाही. गाडी लावली."

"नानाभावजींची गाडी अशीच वाजायची," ती म्हणाली, आणि पुन्हा वातीकडे वळली.

कव्हरच्या आत मी लाल रंगानं पुन्हा १९ लिहिलं. पितळी पट्टी काढली नाही, तिच्यावर खिळ्यानं एक काट मारली.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे पाचला मुलगा आणि मी पावागढला निघालो. हालोलच्या रस्त्यावर उजाडलं. याच हालोलमध्ये आता एमजीच्या नव्या गाड्या बनतात. त्या मोठ्या, बंद, शांत गाड्या आमच्या बाजूनं निघून गेल्या आणि एकातल्या ड्रायव्हरनं काच खाली करून अंगठा दाखवला. पायथ्यापासून माचीपर्यंतचा चढ वळणावळणाचा. नानांबरोबर लहानपणी याच चढावर दुसऱ्या गिअरवर, सगळे दातओठ खात गेल्याचं आठवतं. आम्ही तिसऱ्यावर गेलो. एका वळणावर मुद्दाम पाय काढून पुन्हा दिला, ती तक्रार न करता उचलली. किती अश्वशक्ती वाढली ते सांगता येणार नाही, मोजायला कुठे नेली नाही.

माचीवर चहा घेताना मुलानं गाडीखाली बोट केलं. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनाला सील नसतो, नुसते उलटे आटे असतात. फिरताना ते तेल आत ढकलतात, थांबल्यावर ढकलत नाहीत. रुपयाएवढा डाग पडला होता. घरी गाडी उभी असते तिथे खाली नानांचीच जुनी परात ठेवलीय. पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट पुन्हा टॉर्क करायचे आहेत, आणि मग टॅपेट पुन्हा एकदा, गरम असताना, एकोणीस.